बढती नसलेली नोकरी

मे महिना आला की वसईच्या पश्चिम पट्ट्यात दोन गोष्टींची चर्चा असते: बोर्डाचा निकाल आणि फादरांच्या बदल्या. दुसरी यादी बिशप हाउसमधून निघते आणि चर्चच्या सूचनाफलकावर लागायच्या आधी व्हॉट्सअॅपवर फिरते. मग चौकशी सुरू होते. नवे फादर ज्या गावातून येणार तिथे कुणाची तरी बहीण दिलेली असतेच. तिला फोन जातो. प्रवचन लांबवतात का, हिशेबाला कडक आहेत का, आजाऱ्याकडे बोलावलं तर लगेच येतात का, आवाज कसा आहे. एवढी चौकशी हल्ली जावयाचीही होत नाही.

मराठी वाचकाला फादर भेटला तो बहुधा हिंदी सिनेमात. पांढरा झगा, मेणबत्त्या, मोडकं हिंदी आणि प्रत्येकाला ‘माय सन’. वसईतला फादर त्या सिनेमातला नव्हे. तो घरी कादोडी किंवा वाडवळी बोलतो, वेदीवर प्रमाण मराठी बोलतो, आणि राजेळी केळी सुकवून सुकेळी कशी करतात हे त्याला शिकवावं लागत नाही. त्याचा बाप बागायतदार असतो, आई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजाराला गेलेली असते. बिशपने पाठवलेला म्हणून तो बाहेरचा, आणि आडनाव, बोली, नातीगोती पाहिली तर याच मातीतला. त्याच्या नोकरीतली सगळी गंमत आणि सगळी कुतरओढ या दोन टोकांमध्ये आहे.

नोकरी हा शब्द चर्चमधल्या मंडळींना खटकतो. ते ‘पाचारण’ म्हणतात. पण बाहेरून पाहणाऱ्याला इथे सेवाशर्ती दिसतात, बदल्या दिसतात आणि निवृत्तीचं वयही दिसतं. चर्चचा सध्याचा कायदा १९८३ चा. त्यानुसार वयाची पंचाहत्तरी गाठली की प्रमुख धर्मगुरूने बिशपकडे राजीनामा द्यायचा असतो. दर रविवारी एक मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, त्याने आपल्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, लोकांसाठी अर्पण करायची, तिचे पैसे घ्यायचे नाहीत. राहायचं चर्चच्या आवारातल्या घरातच. वर्षाला एक महिना सुट्टी. नाही ती फक्त बढती. सेमिनरीतून बाहेर पडलेला तरुण आधी साहाय्यक होतो, काही वर्षांनी प्रमुख होतो, आणि तिथून पुढे पंचाहत्तरीपर्यंत प्रमुखच राहतो. गाव तेवढं बदलतं. एखादाच बिशप होतो. भुईगावचे थॉमस डाबरे १९९८ मध्ये नव्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले, २००९ मध्ये पुण्याला गेले. तुकोबांवर प्रबंध लिहिणारा बिशप ही वसईचीच देणगी. पण तो अपवाद. बाकीच्यांना पंचविसाव्या वर्षी जो झगा, तोच पंचाहत्तराव्या वर्षी.

हा झगा अंगावर चढायला आठ-दहा वर्षं लागतात. गोरेगावच्या सेंट पायस कॉलेजात आधी तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान, मधे एखादं वर्ष प्रत्यक्ष गावात काम, मग डिकनची दीक्षा आणि शेवटी बिशपच्या हातून गुरुदीक्षा. या दीक्षांमध्ये ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकपणा यांची वचनं असतात. गरिबीचं व्रत धर्मप्रांताच्या फादराला नसतं. ते जेझुइट, फ्रान्सिस्कन अशा संघांतल्यांना. हा फरक बाहेरच्यांना माहीत नसतो आणि त्यामुळे फादरांच्या मोटरसायकलवर, पुढे मोटारीवर, उगाच चर्चा होते. धर्मप्रांताच्या फादराला स्वतःच्या नावावर वस्तू ठेवता येते, वडिलोपार्जित वाडीत त्याचा वाटाही असतो. भाऊ तो कसतात. दीक्षेनंतरची पहिली मिस्सा मात्र स्वतःच्या गावात. मांडव, बँड, मिरवणूक, गावजेवण. आई त्या दिवशी रडते आणि कुणी तिला का म्हणून विचारत नाही.

वसईच्या मातीत चर्च रुजलं ते पोर्तुगिजांबरोबर. १५३४ च्या तहात वसई त्यांच्याकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. किल्ल्यातली चर्चं ओस पडली, छपरं गेली. आज तिथे सिनेमाची आणि लग्नाआधीची छायाचित्रणं चालतात. गावांतली चर्चं मात्र राहिली, आणि माणसंही राहिली. पोर्तुगीज सत्तेच्या आधाराने वाढलेला धर्म मराठ्यांच्या राज्यात त्या आधाराशिवाय टिकला. राजाश्रय संपला तरी कुणाला तरी बारशाचं पाणी घालावं लागतं, मयताला उभं राहावं लागतं. ते काम किल्ल्यातल्या मठांचं नव्हतं, गावातल्या पाद्र्याचं होतं. एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी: वसईचा स्वतःचा संत गोन्सालो गार्सिया, १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संतपदाला पोचला, तो फादर नव्हताच. तो फ्रान्सिस्कन ब्रदर होता. गावागावात त्याचे पुतळे आहेत, आणि त्याला स्वतःला मिस्सा म्हणायचा अधिकार नव्हता!

फादराच्या कामाचा खरा कस वेदीवर लागत नाही, ऑफिसात लागतो. लोखंडी कपाटात जाड पुठ्ठ्याच्या वह्या असतात: स्नानसंस्काराची, लग्नांची, मयतांची. पहिल्या दोन वह्यांची शिस्त सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मसभेपासून जगभरच्या धर्मग्रामांत चालत आली आहे. त्यातली पहिली वही सर्वांत हुशार. बाळाचं नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्ममातापिता अशी एक ओळ, आणि शेजारी समास मोकळा. तो समास आयुष्यभर भरत जातो. मुलीचं लग्न मालाडला झालं, मेलबर्नला झालं, तरी त्या चर्चने तिच्या जन्मगावच्या चर्चला कळवायचं असतं आणि इथल्या फादराने तिच्या नावासमोर बारीक अक्षरात ते लिहायचं. कुणी मठात कायमचं व्रत घेतलं तर तेही तिथेच. आणि गावचा मुलगा फादर झाला तर त्याच्या बारशाच्या ओळीशेजारी गुरुदीक्षेची तारीख येते. म्हणजे फादर आयुष्यभर दहा गावं फिरतो, हजारो लोकांच्या नोंदी करतो, आणि त्याची स्वतःची नोंद दुसऱ्याच एका फादराच्या हाताखाली, जन्मगावच्या कपाटात पडून असते.

या वह्यांची किंमत लोकांना पासपोर्ट काढताना कळते. एकाच घरात आजोबा ‘डिब्रीट’, बाप ‘ब्रिटो’ आणि नातू ‘डिब्रिटो’. वारसनोंदीला तलाठ्याने हरकत घेतली की माणूस चर्चच्या ऑफिसात येतो. जुन्या नोंदी लॅटिन-पोर्तुगीज वळणाच्या, शाई तपकिरी झालेली, कोपरे वाळवीने खाल्लेले. फादर चष्मा कपाळावर चढवून बोट ठेवत ठेवत खाली येतात. घराचं टोपणनाव सांगितल्याशिवाय काही सापडत नाही, कारण एका वर्षात त्याच आडनावाचे चार जुवाव जन्मलेले असतात. लग्नाच्या वहीला तर सरकारी वजनही आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने धर्मगुरूने लावलेलं लग्न राज्याच्या दृष्टीनेही लग्न ठरतं. त्यामुळे फादराने कुठे घाईने सही केली तर ती पुढे कोर्टात उभी राहते. लग्नाआधी वधूवरांची नावं चर्चमध्ये जाहीर पुकारायची, कुणाला हरकत असेल तर कळवा म्हणायचं, ही पद्धत त्यासाठीच. हरकती येतात. बहुतेक खोडसाळ असतात, एखादी खरी निघते, आणि दोन्ही फादरांनाच निस्तराव्या लागतात.

रविवारचा दिवस पाहावा. पहाटेच्या मिस्सेला म्हातारी माणसं, मागल्या बाकांवर लुगड्यातल्या आज्या. दुसरी मिस्सा धर्मशिक्षणाच्या मुलांची. तिसरी हल्ली अनेक ठिकाणी इंग्रजी. चर्चच्या कायद्याने फादराला एरवी दिवसाला एकच मिस्सा. रविवारी गरज म्हणून जास्तीची परवानगी मिळते. कितीही मिस्सा म्हटल्या तरी स्वतःसाठी मात्र एकाच मिस्सेचं दान ठेवायचं, बाकीचं बिशप ठरवतील त्या कामाला. मिस्सा संपली की खरी रांग लागते. “फादर, जरा बोलायचं होतं” या वाक्याने सुरू होणाऱ्या गोष्टी सहसा जरा नसतात. मुलगा दारू पितो. सुनेने वेगळी चूल मांडली. भावाने कुंपण हातभर पुढे सरकवलं. सणाला बँड कुठला लावायचा यावरून दोन आळ्या एकमेकींशी बोलेनात. सिमेट्रीत जागा उरली नाही. जुन्या थडग्यांचं काय करायचं यावर बैठक घ्या. भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आणून आशीर्वाद घ्यायचा आगेराचा सण आला की मिरवणुकीत पुढे कुणी चालायचं हाही प्रश्न. संसाराचा अनुभव नसलेल्या माणसाकडे सगळा गाव संसाराचे प्रश्न घेऊन येतो, यातली विसंगती फादरांनाही कळते. त्यांच्याकडे एक मात्र आहे जे सरपंचाकडे नाही. पापनिवेदनात, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत कुमसारात, ऐकलेलं त्यांना कुठेही, कोर्टातसुद्धा, उघड करता येत नाही. गाव आपली गुपितं अशा माणसाकडे ठेवतो जो काही वर्षांनी ती घेऊन निघून जाणार आहे. ही सोय कुणी योजून केली असेल असं वाटत नाही, पण चालते उत्तम.

या चौकटीत राहून काहींनी चौकटीबाहेरची कामं केली. पापडीला मॉन्सेनियर पी. जे. मोनिस होते. शेतकरी आणि कोळी सावकाराच्या वहीत अडकलेले पाहून त्यांनी १९१८ मध्ये सहकारी संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती. पापनिवेदनाच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला गावाच्या कर्जाचा अंदाज इतर कुणाहून चांगला असणार, हे ओघाने आलंच.

दुसरं नाव उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ४ डिसेंबर १९४२ रोजी नंदाखालजवळच्या जेलाडीत जन्मले. ज्या दिवशी ते एकवीस वर्षांचे झाले, त्याच दिवशी, ४ डिसेंबर १९६३ ला, रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि वेदीवर लोकभाषेला दार उघडलं. योगायोगच, पण लिहिणाऱ्याला मोह पाडणारा. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये. आज्या आपल्या माळेवर प्रार्थना मोजत बसत आणि वेदीवर काय चाललंय ते फादर आणि देव जाणे. दिब्रिटोंना दीक्षा मिळाली १९७२ मध्ये. म्हणजे मराठीत मिस्सा म्हणायला तयार झालेल्या पहिल्या पिढीतले ते. आता वसईच्या फादरांना चांगल्या मराठीची गरज पडली, आणि ती गरज काहींनी फार गंभीरपणे घेतली. १९८३ ते २००७ दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. बदल्यांच्या या जगात चोवीस वर्षं एका खुर्चीवर! चर्चचं मुखपत्र वाटावं असं ते मासिक त्यांनी मराठी साहित्यव्यवहाराच्या रस्त्यावर आणून ठेवलं. त्यांचं ‘सुबोध बायबल’ आलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

पण वसईत त्यांना आधी ओळखलं गेलं ते पाण्यासाठी. या पट्ट्यात बावखलं आहेत, पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारी वाडीतली छोटी तळी. त्यांच्यामुळे समुद्र हाकेवर असूनही विहिरी गोड राहत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात या विहिरींचं पाणी टँकरमधून नव्या इमारतींकडे जाऊ लागलं, विहिरी खाऱ्या होण्याची भीती उभी राहिली. त्यातच हा हिरवा पट्टा इमारतींना खुला करायचा घाट घातला गेला. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या पुढे झगेवाला संपादक चालत होता. समोर टँकरचा, जमिनींचा आणि दहशतीचा पैसा. ‘फादरांनी राजकारणात पडू नये’ हे तेव्हा बरंच ऐकू आलं, चर्चच्या आतूनही. माझ्या मते हा आक्षेप वरवरचा आहे. ज्या गावात विहीर खारी होते तिथे वाडी जाते, वाडी गेली की माणूस जमीन विकतो, आणि मग चर्चमध्ये बसायला उरतं कोण? फादराने विहिरीसाठी उभं राहणं हे धर्मग्रामाचं काम नाही म्हणणाऱ्याने धर्मग्राम कशाला म्हणतात ते पुन्हा वाचावं.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याच्या अध्यक्षपदी प्रथमच एक ख्रिस्ती धर्मगुरू, म्हणजे दिब्रिटो, बसला. निवडीवर काही संघटनांनी आक्षेप घेतले होते. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला माणूस तरीही गेला आणि बोलला. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले. अंत्यविधी नंदाखालच्या चर्चमध्ये झाला, तिथल्या गर्दीत मराठी लेखक होते, शेतकरी होते, आणि टँकरविरोधात एके काळी रस्त्यावर उतरलेल्या, आता गुडघे दुखणाऱ्या बायका होत्या.

अशा मोठ्या नावांमुळे एक गैरसमज होतो. वाटतं, फादर म्हणजे गावाचा कैवारीच. तसं नाही. अनेक गावांत फादरांचा शब्द शेवटचा असायचा आणि तो नेहमी शहाणा असायचा असं जुनी माणसंही म्हणत नाहीत. कोणाच्या लेकीने कुणाशी लग्न केलं म्हणून घराला टोचून बोलणारे फादर होऊन गेले. सामवेदी, वाडवळ, कोळी ही जातींची कुंपणं बाप्तिस्म्याच्या पाण्याने वाहून गेली नाहीत, आणि बहुतेक फादरांनी ती पाहून न पाहिल्यासारखं केलं. चर्च झाडणं, फुलं लावणं, गाणं, मुलांना धर्मशिक्षण देणं बायकांनी करायचं आणि पॅरिश कौन्सिलमध्ये आवाज पुरुषांचा, हेही बरीच वर्षं चाललं. जगभर धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं बाहेर आल्यावर पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये प्रत्येक धर्मप्रांताला तक्रार ऐकण्याची यंत्रणा उभारायला लावली. तो आदेश काढावा लागला कारण ‘फादर असं करणार नाहीत’ या श्रद्धेने अनेक ठिकाणी मुलांना गप्प केलं होतं. आदर आणि धाक यांच्यात लोकांना फरक करता यायला लागला आहे, ही माझ्या दृष्टीने धर्मग्रामात अलीकडे झालेली सर्वांत चांगली गोष्ट.

धर्मग्रामाच्या गुरूंचा आश्रयदाता संत फ्रान्सचा, जाँ-मारी व्हिआने. त्याचा सण ४ ऑगस्टला. वसईत त्या सुमारास मुलं फादरांना फुलं देतात, गाणी म्हणतात. लॅटिनमध्ये कच्चा म्हणून हा माणूस सेमिनरीत जवळजवळ बाद झाला होता. १८१८ मध्ये त्याला आर्स नावाच्या कोपऱ्यातल्या खेड्यात टाकलं, आणि १८५९ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला. पापनिवेदनाला लांबून लांबून लोक येत, तो दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास त्या खिडकीत बसे. मधल्या काळात तो चार वेळा गावातून पळून जायला निघाला होता, कुठल्या तरी मठात जाऊन शांत बसावं म्हणून. दर वेळी परत आला. आश्रयदाता म्हणून पळपुटा संत निवडला, यात चर्चचा विनोद असो वा नसो, मला तो बरोबर वाटतो. चाळीस वर्षं एका गावात काढणं आताच्या फादरांच्या वाट्याला येत नाही. साधारण पाच-सहा वर्षांत बदली होते, आणि अनेकांना ती हवीही असते. पहिलं वर्ष माणसं ओळखण्यात जातं, दुसऱ्यात हितशत्रू कळतात, तिसऱ्यात छप्पर गळायला लागतं, चौथ्यात त्यासाठी निधी गोळा होतो आणि पाचव्यात नव्या छपराखाली निरोपसमारंभ. नवे फादर येतात तेव्हा चाव्या, बँकेची पासबुकं, वह्या, सोन्याचा मुलामा दिलेला प्याला, सगळं यादी करून ताब्यात दिलं जातं. कुठल्या घरी कुणाचं कुणाशी पटत नाही हे यादीत नसतं. ते जुने फादर तोंडी सांगतात, किंवा मुद्दाम सांगत नाहीत, म्हणजे नव्याने माणसं कोऱ्या डोळ्यांनी बघावीत.

स्टेशनच्या बाजूला, वसई रोड, नायगाव, नालासोपारा, विरारकडे, चित्र वेगळं आहे. तिथल्या इमारतींत मुंबईतून भाडं परवडेना म्हणून आलेले गोंयकार, मंगळूरकर, तमिळ, मल्याळी कॅथॉलिक राहतात. त्यांना मराठी मिस्सा कळत नाही, आणि रविवार सोडून त्यांचा प्रत्येक दिवस सकाळच्या लोकलने सुरू होतो. गावातल्या फादराला घरांच्या टोपणनावांनी माणसं माहीत असतात. इथे त्याला विंग आणि फ्लॅट नंबर पाठ करावे लागतात, आणि दोन वर्षांत भाडेकरू बदलतो. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावं तिच्यात नकोत म्हणून आंदोलनं पेटली. फादर पुन्हा मध्ये. एकाच चर्चच्या बाकांवर महापालिका हवी म्हणणारा बांधकामवाला आणि नको म्हणणारा वाडीवाला शेजारी बसलेले, आणि शांतीचिन्ह म्हणून एकमेकांना हात द्यायचा क्षण आला की दोघंही दुसरीकडे बघणार.

आणि मुलं? एके काळी चार मुलगे असलेल्या घरातला एक सेमिनरीत जाई, त्याचा अभिमान असे, खाणारं तोंडही एक कमी होई. आता मुलं दोन किंवा एक, आणि त्या एकाला कॅनडाचा रस्ता माहीत असतो. सेमिनरीत जायला कुणी निघालंच तर आईबापच आधी म्हणतात, इंजिनियरिंग पूर्ण कर, मग बघू. काही खरंच पूर्ण करून येतात. चर्चचे हिशेब, शाळेचे कागद, धर्मादाय आयुक्तांची पत्रं यांत बुडालेल्या प्रमुखांना असा साहाय्यक मिळाला की ते त्याला सोडायला तयार नसतात.

तरी पहिली-दुसरी बदली बहुधा त्याला उचलून दुसऱ्या टोकाला नेते. वसई धर्मप्रांत किनाऱ्यावर संपत नाही; तो पूर्वेला चढत जव्हार, मोखाडा, तलासरीपर्यंत जातो. तिथे चारशे वर्षांचं चर्च नाही, बँड नाही, सोन्याचा प्याला नाही, निरोपसमारंभाचा मांडव नाही. वारली पाड्यांत कॅथॉलिक घरं थोडकी, रेशनकार्डाचे आणि दवाखान्याचे प्रश्न पुष्कळ. वसईतल्या वाडीत वाढलेल्या पोराला तिथे गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात कळतं की आपली मराठी इथे परकी आहे. तो वारली शिकायला लागतो. आईचा फोन येतो, जेवलास का विचारायला, रेंज नसते. वसईत त्याचं नाव पुढच्या मेच्या यादीत शोधलं जातं, आणि काही जण स्वतःच बिशपला लिहून कळवतात की मला अजून दोन वर्षं इथेच राहू द्या.